अथीनेच्या अंगावरचं सोनं

विट्याजवळच्या त्या गावात दुमजली बंगले पुष्कळ, पण त्यातल्या बहुतेकांना वर्षभर कुलपं असतात. गावातले पुरुष गलाईच्या धंद्यात. सराफांकडचं जुनं, मोडीचं सोनं वितळवून चोख करून द्यायचं, हे त्यांचं काम. कुणी आसामात, कुणी केरळात, कुणी पंजाबात. जत्रा आली की दारात गाड्या लागतात, कुलपं निघतात, थोडे दिवस गाव गजबजतं आणि मग पुन्हा कुत्र्यांच्या भुंकण्यापुरतं उरतं.

धनाजीचं दुकान तमिळनाडूत, सेलमला होतं. मिसरूड फुटायच्या आधी तो चुलत्याचं बोट धरून तिकडं गेला, भट्टीपुढं बसून तमिळ शिकला आणि पुढं स्वतःची भट्टी घातली. बायको माया आणि मुलगी अपेक्षा गावी राहायच्या. तो जत्रेला यायचा, दिवाळीला यायचा. पण गेल्या दिवाळीला आला तो परत गेलाच नाही.

झालं असं होतं. सेलमच्या एका मोठ्या पेढीचं सोनं त्याच्याकडं गलाईला आलं होतं. ते वितळवून, तेजाबाच्या अ‍ॅसिडातून काढून, चोख करून त्यानं काट्यावर ठेवलं, तर नेहमीची घट धरूनही कितीतरी कमी भरलं. काटा पुसून पुन्हा ठेवलं, तरी तेवढंच. धनाजीनं आपल्या घरचं सोनं घालून वजन पुरं करून दिलं. पेढीच्या शेटनं पोलीस बोलावले नाहीत, आवाजही चढवला नाही. बाजारात तो फक्त एवढंच म्हणाला, की विट्याच्या धनाजीचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. गलाईच्या धंद्यात एवढं बोलणं पुष्कळ होतं. लोक सोनं विश्वासावर सोडून जातात. एकदा विश्वास उडाला की भट्टी पेटवायचं कारणच उरत नाही. महिनाभरात दुकानाची पायरी कुणी चढेना. धनाजीनं जागा सोडली आणि गाव गाठलं.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पारावर तो गेला की बोलणं थांबायचं. मग त्यानं पारावर जाणं सोडलं. लग्नाकार्याला माया एकटी जाऊ लागली. तो हॉलमधल्या सोफ्यावर बसून असायचा, टीव्ही बंद ठेवून. माया त्याला काही विचारत नसे. जेवायला हाक मारायची, गाईची धार काढायची, दूध घालून यायची आणि घराचा गाडा रेटायची.

उन्हाळ्यात परीक्षा संपवून अपेक्षा सांगलीहून आली. इंजिनिअरिंगला होती ती. कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप तिनं हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि दुपारच्या उन्हात पडदे ओढून गेम लावून बसली. गेम अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा होता. त्यात लढाया होत्या, जहाजं होती, पण लढायचं नसेल तर नुसतं हिंडायचीही सोय होती. शहरातून फिरायचं, देवळं बघायची. एखाद्या खांबापाशी, दारापाशी थांबलं की एक इंग्रजी आवाज तिथली माहिती सांगायचा. अपेक्षाला लढाईपेक्षा हेच आवडायचं.

धनाजी पाणी प्यायला आत चालला होता. टीव्हीसमोर त्याची पावलं थबकली.

पडद्यावर एक उंच, अंधारं देऊळ होतं. दोन्ही अंगांना खांबांवर खांब चढवलेले. मध्ये उथळ पाण्याचं कुंड आणि कुंडापलीकडं देवी उभी, आपल्या बंगल्यापेक्षाही उंच. तिचं तोंड आणि हात दुधासारखे, बाकी सगळं अंग सोन्याचं. पायघोळ वस्त्र सोन्याचं, डोक्यावरचा टोप सोन्याचा, बाजूला मोठी ढाल टेकवलेली. दारातनं आलेला उजेड कुंडातल्या पाण्यावर पडून त्या वस्त्राच्या चुण्यांवर हलत होता.

"ते सोनं हाय?" धनाजीनं विचारलं.

अपेक्षा दचकून वळली. बाप आपण होऊन बोलला, याचंच तिला नवल वाटलं. "व्हय पप्पा. ह्ये अथेन्सचं देऊळ. पार्थेनॉन. आन् ही अथीना देवी. तिच्या नावावरनंच गावाचं नाव."

"खरं हाय का आसलं कुठं?"

"देऊळ हाय अजून, पर मोडकं. नुसतं खांब उभं हायत. मूर्ती तर कवाच गेली. जुनी वर्णनं वाचून, लहान लहान नकला सापडल्यात त्या बघून, गेमवाल्यांनी परत उभं केलंय."

धनाजी सोफ्याच्या कडेवर टेकला. "ढालीच्या आत काय हाय त्ये? नाग?"

"नागच."

"नागपंचमीवाल्या शिराळ्याच्या लोकांनी बघिटला तर लय खूश हुतील," तो म्हणाला. "आत जा की. जवळनं बघू."

त्या दुपारी अपेक्षानं बापाला सगळं देऊळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तुमीच चालवा की," आणि रिमोटसारखा तो कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

पहिल्यांदा धनाजीला नीट चालताही येईना. त्याचा माणूस खांबाला जाऊन धडकायचा, नाहीतर जागच्या जागी गरगर फिरायचा. एकदा तर देवळाबाहेर निघाला आणि सरळ टेकडीच्या कड्यावरून खाली गेला. "आरं आरं आरं!" करत धनाजी सोफ्यावरून उठला, आणि अपेक्षा पोट धरून हसली. त्याला एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. "देवळात चाललोय आन् पायात खेटरं हायत ह्याच्या. काढता येत न्हाईत व्हय?"

"न्हाई पप्पा."

"बरं ऱ्हाऊ दे. देवी समजून घिईल."

मग तो रोजच जाऊ लागला. दुपारचा चहा झाला की टेकडी चढायची, भल्या मोठ्या दरवाजातून आत शिरायचं, खांबांच्या मधून देवळाला एक फेरी मारायची आणि देवीसमोर उभं राहायचं. सोन्याचे पत्रे कुठं जोडले असतील, चुणी कशी ठोकली असेल, याचा तो विचार करत बसायचा. एकदा माया दारात येऊन म्हणाली, "पारावर जायला पाय उचलत न्हाईत, आन् अथेन्सात रोज चक्कर हाय!" आणि धनाजी हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं हसू घरात ऐकू आलं होतं.

एका दुपारी मूर्तीच्या पायापाशी एक खूण चमकत होती. धनाजी तिथं गेला, इंग्रजी आवाज सुरू झाला. अपेक्षा स्वयंपाकघरातून शेंगा घेऊन आली होती. ऐकता ऐकता ती सवयीनं सांगू लागली, "ह्यो फिडियस. मूर्ती घडवणारा कारागीर. लय नाव हुतं त्याचं. मूर्ती झाल्यावर त्याच्यावर आळ आला म्हणं..." आणि ती थांबली.

"कसला आळ?"

"काय न्हाई. दुसरं बघू."

"आपे, सांग. कसला?"

"सोनं चोरल्याचा," ती हळूच म्हणाली.

धनाजीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मग?"

"गोष्ट अशी सांगतात, की त्यानं आदीच शाणपणा केलेला. सोनं मूर्तीला पक्कं केलंच न्हवतं. सगळं सुटं. पत्रं नुसतं बसवल्यालं. म्हणून म्हणता आलं, काढा आन् काट्यावर घाला."

"घातलं?"

"घातलं. भरलं म्हणं."

धनाजीनं देवीकडं बघितलं. पडद्यावर कुंडातलं पाणी हलत होतं. "आन् आळ घेतला कुणी? राजानं?"

"न्हाई. त्याच्याच हाताखालच्या माणसानं. मेनोन म्हणून हुता एक."

तो उठून गॅलरीत गेला. अपेक्षाला वाटलं, झालं, आता पुन्हा गप्प होणार. पण संध्याकाळी, माया धार काढायला गेली होती तेव्हा, तो आपण होऊन तिच्याशेजारी येऊन बसला.

"तुला ज्ञानू ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होता. ज्ञानू आटपाडीकडचा. घरी मेंढरं. घरातला पहिलाच माणूस जो मेंढरामागं न जाता गलाईला गेला. धनाजीच्या भट्टीवर तो कितीतरी वर्षं होता. दर जत्रेला धनाजीबरोबर यायचा, अपेक्षासाठी सेलमचे आंबे आणायचा.

"सोनं कमी भरलं त्या दिवशी मी जेवाय गेलो हुतो. भट्टीपाशी त्यो एकटाच. वजन भरंना तवा मी शेटला काय बोललो न्हाई. ज्ञानूला बोललो. सगळ्यांच्या देखत बोललो. म्हटलं, तूच न्हेलंस. त्यो कायबी म्हणाला न्हाई बघ. पिशवी उचलली आन् संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला." धनाजीनं तोंडावरून हात फिरवला. "माझ्यावर आळ आला म्हणून मी घरात तोंड लपवून बसलोय. आन् मी काय केलंय? त्या मेनोननं मालकावर घेतला. मी कामगारावर."

अपेक्षा म्हणाली, "फोन करा की."

"केला हुता. नंबर लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला नाही. त्यानं विचारलं, "त्या फिडियसचं पुढं काय झालं?"

"दोन गोष्टी सांगतात. कोण म्हणतं दुसऱ्याच आळाखाली तुरुंगात मेला. कोण म्हणतं गाव सोडून ऑलिंपियाला गेला आन् तिथं ह्याच्याहून मोठा देव घडवला. तिथली त्याची कामाची जागा सापडलीया, ती हाय गेममधी. दावू?"

तिनं दाखवलं. ऑलिंपियाच्या देवळाजवळ एक लांबट, उंच इमारत. आत ओट्यांवर हत्यारं, मातीचे साचे, हस्तिदंताचे तुकडे, कोपऱ्यात कामाचा कचरा. धनाजी प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबत होता. आवाज सांगत होता आणि अपेक्षा मराठी करत होती. इतक्या शतकांनंतर उकरणाऱ्यांना तिथं साचे मिळाले, हत्यारं मिळाली, हस्तिदंताची कात्रणं मिळाली. एक साधा मातीचा प्यालाही मिळाला. त्याच्या बुडावर ग्रीकमध्ये कोरलं होतं, मी फिडियसचा.

"कचऱ्यात मिळालं ह्ये सगळं?"

"कामाच्या कचऱ्यातच मिळालं म्हणं बरंच."

धनाजी ताडकन उभा राहिला. "भट्टीच्या विटा!"

"काय?"

"आगं, मूस तडकली आसंल. सोनं वितळवायची मूस. बारीक चीर गेली तर सोनं पाझरतं आन् खालच्या विटा पितात. मी सगळं झाडून घेतलं, नाली धुतली, राख चाळली. पर विटा? आरं, त्या मेनोनगत मला चोर शोधायचा हुता, म्हणून म्या विटा फोडल्याच न्हाईत!"

त्यानं लगेच विश्वजितला फोन लावला. विश्वजित त्याचा चुलतभाऊ. सेलमच्या त्याच बाजारात, दोन दुकानं सोडून त्याची भट्टी होती. धनाजी म्हणाला, "माझी जुनी भट्टी हाय का रं अजून?"

"मोडली की गड्या. नव्या माणसानं कापडाचं दुकान घातलंय तिथं."

"आन् विटा?"

"विटा पडल्यात माघारच्या बोळात. कोण नेतंय काळ्या विटा?"

"तू ने. एकूणएक. तळाच्या तर सोडूच नगो. आन् जत्रंला येताना गाडीत घालून आण."

मग विश्वजित म्हणाला, "म्हंजे सेलमवरनं विट्याला विटा आणायच्या म्हणतोस?"

"आण बाबा. हस, पर आण."

जत्रेला अजून वेळ होता. तोवर थांबता आलं असतं. सोनं निघतंय का बघून मग ज्ञानूकडं गेलं असतं तरी चाललं असतं, असं मायाच म्हणाली. धनाजीनं मान हलवली. "न्हाई. निघाल्यावर गेलो तर त्ये सोन्यासाठी गेल्यागत हुईल." त्यानं दाढी केली, मोटरसायकलला किक मारली आणि सकाळच्या उजेडात, पारावर बसलेल्यांच्या देखत, गावाबाहेर पडला.

आटपाडीच्या अलीकडं, डाळिंबाच्या बागा संपून माळ सुरू होतो तिथं ज्ञानूचं घर. दारात त्याची आई धोंडुबाई लोकर पिंजत बसली होती. धनाजीनं नाव सांगितलं तशी तिनं त्याला वर-खाली न्याहाळलं.

"तुमीच व्हय त्ये मालक? बसा. पाणी प्या आदी." तिनं तांब्या पुढं केला. तो पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मी मेंढरातली बाई. सोन्यातलं मला काय कळत न्हाई. पर माझं पोरगं घरी आलं आन् कुणी इचारायच्या आदी पिशवी माझ्याम्होरं उलटी केली. आईम्होरं. ह्यापायी मला तुमचा राग हाय."

धनाजी खाली मान घालून म्हणाला, "बराबर हाय मावशी. त्याला भेटाय आलोय. कुठं हाय त्यो?"

"मेंढरामागं. मेंढरांचा वाडा शिराळ्याच्या अंगाला हाय आता, वारणंकाठी. जावा, भेटा. मारलं तर मारून घ्या."

धनाजी आल्या पावली मागं वळला. रखरखीत माळ मागं पडला, विटा मागं पडलं, कृष्णाकाठचा ऊस लागला. शिराळ्याच्या पुढं विचारत विचारत तो एका तोडलेल्या उसाच्या रानात पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रानात मेंढरं बसवली होती. कडेला घोडं, बिऱ्हाड, जाळ्या. ज्ञानू एका कोकराचा पाय बघत उकिडवा बसला होता. त्यानं धनाजीला येताना पाहिलं, पण उठला नाही.

"ज्ञानू."

"सोनं घावलं व्हय?" ज्ञानूनं वर न बघता विचारलं.

"न्हाई."

"मग कशापायी आलासा?"

"घावायच्या आदी यायला पायजे हुतं म्हणून." धनाजी त्याच्यासमोर ढेकळांवर बसला. "मी चुकलो गड्या. चौघांत तुला चोर म्हटलं. मला तसं वाटत बी न्हवतं. शेट म्होरं उभा हुता, मला कुणावर तरी ढकलायचं हुतं."

ज्ञानू कोकराच्या खुरातला काटा काढत राहिला. काटा निघाला, त्यानं कोकरू सोडलं. ते लंगडत आईकडं गेलं.

"मूस तडकली असंल, विटांनी सोनं पिलं असंल, असं वाटतंय," धनाजी म्हणाला. "विश्वजित विटा घेऊन येतोय जत्रंला. निघंल का न्हाई ठाऊक न्हाई. पर न्हाई निघालं तरी तू चोर न्हाईस. ह्ये सांगाय आलोय."

"न्हाई निघालं तर लोक तुमास्नीच धरतील."

"धरू द्यात."

ज्ञानूनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "विटा कुटाय मी येणार. माझ्या डोळ्यादेखत कुटायच्या. पर त्याच्यावरनं मी पुन्ना कामाला यीन असं धरू नगासा."

"न्हाई धरत."

ज्ञानूनं चुलीवर चहा ठेवला. दोघांनी तो प्याला. धनाजी निघाला तेव्हा ज्ञानू बांधापर्यंत त्याच्याबरोबर आला, एवढंच.

जत्रेला गाव भरलं. कुलपं निघाली, पोरंबाळं आली, आसामकडचे, केरळकडचे सगळे आले. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजितच्या गाडीतून विटांची पोती धनाजीच्या अंगणात उतरली. धनाजीनं नाथाजींना बोलावलं होतं. नाथाजी म्हणजे गावातले सगळ्यांत जुने गलाईवाले; अर्ध्या गावाला धंदा त्यांनी शिकवलेला. ते खुर्ची टाकून बसले. त्यांच्यामागं हळूहळू माणसं गोळा झाली. पारावरची सगळी तिथंच होती. ज्ञानू आला, बाह्या सारून विटा फोडायला बसला.

आधी त्यानं काळ्या विटा लोखंडी खलात कुटून पीठ केलं. धनाजीनं ते घमेल्यात पाण्यानं धुतलं. हलकी माती वाहून गेली, जड गाळ खाली राहिला. पुन्हा कुटलं, पुन्हा धुतलं. अपेक्षा पाणी घालत होती. ऊन चढलं तरी कुणी हललं नाही. मग अंगणातल्याच लहान भट्टीवर, मळ सुटावा म्हणून टाकणखार घालून, तो गाळ नव्या मुशीत वितळवायला ठेवला. मुशीत काय चाललंय ते वरून दिसत नव्हतं. नाथाजी म्हणाले, "घाई नगं. भाता सोडू नगोस."

धनाजीनं चिमट्यानं मूस उचलली आणि साच्यात ओतली. वर काचेसारखा मळ आला. गार झाल्यावर ज्ञानूनं हातोडीनं तो मळ फोडला. खाली पिवळा गोळा होता.

कुणीतरी "आयला!" म्हणालं.

नाथाजींनी स्वतः तो गोळा काट्यावर ठेवला. कमी पडलेल्या सोन्याच्या निम्म्याहून जरा जास्त भरला. मागून एकजण बोललाच, "पर निम्मंच हाय की."

"व्हय, निम्मंच हाय," धनाजी म्हणाला.

नाथाजी मागं वळले. "आरं, निम्मं न घावलेल्या विटंत आसंल, न्हाई तर धुरात गेलं आसंल. त्ये कुणाच्या बाला घावणार? पर माणसानं न्हेलं असतं तर विटंत आलं असतं का? भट्टीनं खाल्लंय त्ये." मग ते ज्ञानूला म्हणाले, "पोरा, हिकडं ये." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्ञानूनं डोळे पुसले. धूर गेल्यासारखं केलं.

विश्वजितनं तिथूनच सेलमच्या शेटला व्हिडिओ कॉल लावला. विटांचा ढीग दाखवला, गोळा दाखवला, काटा दाखवला. शेट चष्मा वर करून बघत राहिला. मग तमिळमध्ये सावकाश बोलला. धनाजीनं ऐकून घेतलं, "सरी, सरी" म्हणत मान डोलावली आणि फोन परत दिला.

"काय म्हणाला?" मायानं विचारलं.

"म्हणाला, माझं काम आता दुसऱ्याकडं हाय, तुला परत ये म्हणणार न्हाई. पर बाजारात जे बोललो त्ये बाजारातच माघारी घीन."

"आन् घेतलं न्हाई तर मी घ्यायला लावीन," विश्वजित म्हणाला.

दुपारी अंगणात जेवणं झाली. ज्ञानू निघायला उठला तेव्हा धनाजी त्याला फाटकापाशी गाठून म्हणाला, "मी सातारला जागा बघतोय. सेलमला न्हाई जाणार. तिथं दुकान घालतो. तू भागीत ये."

"मी? भागीत? माझ्याकडं घालायला काय हाय?"

"हात हायत. मालक म्हणायचं न्हाई मला, एवढंच."

ज्ञानूनं लगेच हो म्हटलं नाही. आईला विचारतो म्हणाला. पाऊस सुरू झाला, मेंढरं भावाच्या हाती लावून तो घरी परतला आणि मग त्याचा फोन आला. "आई म्हणती, जा. पर हिशेबात पिशवी कुणी उलटी करायची न्हाई."

साताऱ्याच्या सराफ बाजारामागच्या एका गल्लीत त्यांना जागा मिळाली. भट्टी कशी बांधायची यावर बापलेकीनं बराच खल केला होता. अपेक्षानं सांगलीहून कागदावर आकृती काढून पाठवली आणि माधवनगरच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी तळ करवून घेतला. भट्टीचा सगळा तळ सुटा. कपाटाच्या खणासारखा बाहेर ओढायचा, त्यातल्या विटा काढून दाखवायच्या, पुन्हा आत सरकवायचा. फरशीच्याही पट्ट्या सुट्या. गिऱ्हाइकानं समोर खुर्चीवर बसायचं, आणि सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. नाथाजी उद्घाटनाला आले होते. त्यांनी तो खण दोनदा बाहेर ओढून बघितला आणि म्हणाले, "माझ्या उमेदीत ह्ये का सुचलं न्हाई?"

"सुचल्यालं माझं न्हवं," धनाजी म्हणाला. "ग्रीसच्या एका कारागिराचं हाय." नाथाजींना वाटलं, तिकडंही विट्याचा कोणीतरी असेल.

पहिले काही दिवस कुणी आलं नाही. ज्ञानू दारात बसून किल्ल्याकडं बघत राहायचा. मग एका सकाळी एक बाई पायऱ्या चढून आल्या. संयोगिता नाव; सासऱ्यांची पेढी आता त्याच सांभाळत होत्या. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरून विचारलं, "सेलमला होते ते धनाजी तुम्हीच का?"

ज्ञानूचा हात जागच्या जागी थांबला. धनाजी म्हणाला, "व्हय, मीच. काय ऐकलंसा माझ्याबद्दल? आळाचं, का विटांचंबी?"

"दोन्ही ऐकलंय," संयोगिता म्हणाल्या. "म्हणूनच आज थोडंच आणलंय."

धनाजी मोठ्यानं हसला. ज्ञानूही हसला. "थोडं तर थोडं. बसा ताई. ज्ञानू, तळ दाव ह्यांना."

ज्ञानूनं तळ बाहेर ओढला. संयोगितांनी वाकून विटा बघितल्या, एक हातात घेऊनही बघितली. मग पर्समधून मोडकी चेन आणि दोन तुटक्या बांगड्या काढून काट्यावर ठेवल्या, वजन बघितलं आणि खुर्चीवर टेकल्या. भट्टी पेटली. काम होईपर्यंत त्या एकदाही उठल्या नाहीत. शेवटी चोख सोनं काट्यावर आलं तेव्हा धनाजी मागं सरला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. भरलं होतं, जेवढं भरायला हवं तेवढं.

"उद्या सासऱ्यांना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "ते बसतील दिवसभर. त्यांना बघायला आवडतं."

"या की. दुसरी खुर्ची आणून ठेवतो."

त्या गेल्यावर ज्ञानू खुर्ची आणायला बाजारात निघाला, आणि पहिलं सोनं बरोबर भरलं हे सांगायला धनाजीनं अपेक्षाला फोन लावला.